दांडा हवा की नुसती बटणं?

जून 2025 मध्ये सोनीने मार्व्हलच्या नायकांची मारामारी असलेला ‘मार्व्हल टोकॉन: फायटिंग सोल्स’ हा नवा खेळ जाहीर केला आणि त्याच कार्यक्रमात तसले खेळ खेळायचं एक यंत्रही दाखवलं. तेव्हा त्याचं नाव ‘प्रोजेक्ट डिफायंट’ होतं. ऑगस्टमध्ये रीतसर बारसं होऊन ते ‘फ्लेक्सस्ट्राइक’ झालं, आणि 2026 मध्ये बाजारात आणू असं कंपनीने सांगितलं. चपटी पेटी, डाव्या हाताला गोळा लावलेला दांडा, उजव्या हाताला बटणांच्या रांगा. नव्वदच्या दशकात एखाद्या पार्लरमध्ये नाणं टाकून हँडल पिळलेल्या कुणालाही ते दुरूनच ओळखू येईल. इतकी वर्षं प्लेस्टेशनसाठी असल्या पेट्या करण्याचं काम सोनीने होरी, मॅड कॅट्झ, कानबा अशा दुसऱ्या कंपन्यांवर सोडलं होतं. आता ती स्वतः उतरली, तीही बिनतारी पेटी घेऊन.

वेळ मात्र चमत्कारिक निवडली आहे. ‘स्ट्रीट फायटर 6’ आणि ‘टेकन 8’च्या मोठ्या स्पर्धांत दांडा नसलेल्या, नुसत्या बटणांच्या पेट्या आता सर्रास दिसतात. तिकडे साधा गेमपॅड घेऊन अजिंक्यपद जिंकणारेही आहेत. मग हा दांडा नक्की कुणासाठी? त्याने खेळ सुधारतो, की फक्त जुन्या आठवणी चाळवतात? ‘फायटिंग गेम खेळायचा तर स्टिकच पाहिजे’ असं ऐकून पैसे साठवायला लागलेल्या पोरांसाठी हा प्रश्न नीट तपासायला हवा.

या खेळांची रचना मुळात दांड्याभोवतीच झाली. 1987 चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ कॅपकॉमने आणला तेव्हा त्याच्या एका कॅबिनेटवर बटणांऐवजी दोन मोठ्या रबरी गाद्या होत्या. एक ठोशाची, दुसरी लाथेची. जितक्या जोरात हाणाल तितका पडद्यावरचा फटका जबर. कल्पना झकास, पण लोकांचे हात दुखायला लागले आणि गाद्याही टिकेनात. मग त्या जोराचे तीन भाग झाले: हलका, मध्यम, जोराचा. तीन ठोसे, तीन लाथा, मिळून सहा बटणं. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने हीच मांडणी जगभर नेली, आणि आजची कुठलीही स्टिक उघडा, पायाभूत आराखडा तोच आहे. रियू या पात्राचा हाडोकेन हा वार काढायला दांडा खाली, मग तिरका, मग समोर असा पाव वर्तुळात फिरवायचा आणि ठोसा दाबायचा. झँगीफची उचलून आपटण्याची चाल पूर्ण चक्कर मागते. गाइलचा सॉनिक बूम सोडायचा तर दांडा मागे ओढून थोडा वेळ धरायचा आणि झटक्यात पुढे ढकलायचा. या चाली कागदावर सुचलेल्या वाटतच नाहीत; मनगटाला जे सहज जमतं त्यातून त्या निघाल्या आहेत. घरात बसून टीव्हीवर खेळणाऱ्याला तेच मनगट अंगठ्यात आणावं लागलं, आणि अंगठ्याला फोड आले.

दांड्याच्या आत काय असतं हे पाहिलं की बरीच गूढ वलयं गळून पडतात. आधुनिक गेमपॅडवरची कांडी किती झुकली हे मोजते. आर्केडचा दांडा असलं काहीही मोजत नाही. त्याच्या तळाशी चार दिशांना चार छोटे स्विच असतात. दांडा उजवीकडे गेला की उजवा स्विच ‘टक्’ करतो, कोपऱ्यात गेला की शेजारचे दोन एकदम. बस्स. मधला सगळा प्रवास यंत्राच्या लेखी शून्य आहे. दांडा कुठवर जाईल हे ठरवणारी एक प्लॅस्टिकची चौकट खाली बसवलेली असते. जपानी स्टिकवर ती बहुधा चौकोनी असते. नवखा खेळाडू तिच्या कोपऱ्यांत अडकतो, वैतागतो आणि अष्टकोनी चौकट मागवतो. मुरलेला खेळाडू चौकोनच ठेवतो, कारण कोपरा म्हणजे तिरकी दिशा हमखास, आणि दांडा भिंतीवर आपटेपर्यंत नेण्याची त्याला गरजच नसते. फ्लेक्सस्ट्राइकमध्ये चौकोनी, गोल आणि अष्टकोनी अशा तिन्ही चौकटी पान्या-स्क्रूड्रायव्हरशिवाय बदलता येतील, असं सोनीने सांगितलं आहे. माझ्या मते या यंत्रातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही आहे. बिनतारीपणाचं कौतुक जाहिरातीला ठीक. चौकट हा रोजच्या खेळाचा मामला आहे.

दांड्यांची घराणीही वेगवेगळी. जपानमध्ये सानवा आणि सेइमित्सू. सानवाचा जेएलएफ हा दांडा मऊ, हलका, बोटांच्या टोकांनी फिरणारा. सेइमित्सूचे दांडे जरा कडक, कमी अंतरात लागणारे. बटणं 30 मिलिमीटरची, नुसती टेकली तरी दाबली जाणारी. अमेरिकेतल्या जुन्या कॅबिनेटवर हॅप कंपनीचे बॅटसारखे लांब दांडे आणि आत दबलेली, जोर मागणारी बटणं असत. अमेरिकी पोरं मूठ आवळून खेळत आणि जपानी पोरं गोळा बोटांत धरून, याचं निम्मं कारण या सुट्या भागांत आहे. कोरियाची तऱ्हा तिसरीच. तिथे दांडा मध्यावर परत आणायला स्प्रिंगऐवजी रबर वापरतात, त्यामुळे तो सोडला की ताडकन जागेवर येतो. ‘टेकन’मध्ये ज्याला ‘कोरियन बॅकडॅश’ म्हणतात ती मागे-मागे सरकण्याची हातचलाखी या रबरावर पोसली गेली आहे. त्याच खेळातल्या मिशिमा घराण्याचा विजेचा ठोसा तर दांड्याची तिरकी दिशा आणि बटण एकाच फ्रेममध्ये मागतो. हे खेळ सेकंदाला 60 फ्रेमने धावतात, म्हणजे एक फ्रेम साधारण साडेसोळा मिलिसेकंदांची. एवढ्या फटीत दोन हातांची गाठ घालायची.

अशा गाठीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 2004 सालचं. कॅलिफोर्नियातल्या इव्हो स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक’ खेळताना जपानच्या दाइगो उमेहाराच्या केनकडे जिवाची जेमतेम रेघ उरली होती. समोर अमेरिकेच्या जस्टिन वाँगची चुन-ली, आणि तिने लाथांची सुपर चाल सोडली. नुसतं ब्लॉक केलं असतं तरी किरकोळ इजेने केन मेला असता. दाइगोने प्रत्येक लाथ लागायच्या क्षणी दांडा पुढे टेकवून एकेक फटका झेलला, पंधराच्या पंधरा, आणि उलट वार करून फेरी जिंकली. त्या खेळाचं त्या वर्षीचं अजिंक्यपद त्याला मिळालं नाही, पण ते आज कुणाला आठवतं? आपल्या विषयाशी याहून जवळचा तपशील सहसा कुणी सांगत नाही. त्याच वर्षी इव्होने आर्केडची कॅबिनेट काढून सगळे खेळ घरगुती कन्सोलवर घेतले होते, आणि त्यावरून बरीच भांडणं झाली होती. कॅबिनेटवर दोघांच्या हातात सारखाच दांडा असतो. कन्सोल आला की ज्याने त्याने आपलं हत्यार घरून आणायचं. ‘कुठला कंट्रोलर चांगला’ हा वाद खरा तिथून पेटला.

बाजाराला ते समजायला पाच वर्षं लागली. 2009 मध्ये ‘स्ट्रीट फायटर फोर’ घरोघरी पोहोचला तेव्हा मॅड कॅट्झने अस्सल सानवा भागांची ‘टूर्नामेंट एडिशन’ स्टिक दीडशे डॉलरला काढली आणि ती हातोहात खपली. एका पिढीच्या मनात ‘गंभीर खेळाडू म्हणजे स्टिक’ हे समीकरण पक्कं झालं ते तेव्हा. पुढच्या पाच वर्षांत ते मोडलंही. 2014 च्या इव्होमध्ये फ्रान्सचा लफी ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर’ जिंकला, आणि त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा जुनापुराणा गेमपॅड होता. अमेरिकेचा सॉनिकफॉक्स ‘मॉर्टल कोम्बॅट’पासून ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’पर्यंत इव्होची विजेतेपदं गोळा करत गेला, तोही पॅडवरच. माइक बेगम ऊर्फ ब्रॉलीलेग्ज याची गोष्ट तर या सगळ्याच्या पलीकडची. जन्मजात व्याधीमुळे हातपाय वापरता न येणारा हा माणूस पॅड चेहऱ्याशी धरून तोंडाने खेळायचा आणि चुन-ली खेळणाऱ्यांमध्ये त्याचं नाव फार वरचं होतं. कुठलं साधन ‘योग्य’ यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी त्याचे सामने एकदा पाहावेत.

म्हणजे स्टिक घेतल्याने कुणी जिंकायला लागतो हे खोटं. उलट पॅडवर पाच-सात वर्षं घालवलेला माणूस स्टिक घेतो तेव्हा पहिले काही आठवडे तो आधीपेक्षा वाईट खेळतो, आणि दोष दांड्याला देतो. दांड्याचा खरा फायदा साधा आहे. पॅडवर दिशांचं सगळं ओझं डाव्या अंगठ्यावर पडतं आणि हल्ल्याचं उजव्या. स्टिकवर ते मनगट आणि पाच बोटांत वाटलं जातं. सहा बटणांपैकी कुठलीही दोन-तीन एकदम दाबणं, एका मागोमाग बोटं उतरवणं, हे पॅडवर फार कटकटीचं. चार बटणांच्या ‘टेकन’ला किंवा ‘किंग ऑफ फायटर्स’ला हा फरक कमी जाणवतो, ‘स्ट्रीट फायटर’ला जास्त.

आता बिनदांड्याच्या पेटीकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे आहे. लीव्हरलेस म्हणतात तिला. ‘हिटबॉक्स’ हे मुळात एका अमेरिकी कंपनीचं नाव, पण बोलताना लोक कुठल्याही लीव्हरलेसला तेच म्हणतात. डाव्या हाताच्या तीन बोटांखाली डावी, खाली आणि उजवी अशी तीन बटणं आणि अंगठ्याखाली उडीचं एक मोठं बटण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा खुळेपणा वाटतो, पण 1979 च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्येही दांडा नव्हता, वळणं, पुढे जाणं, गोळी, सगळं बटणांवरच होतं. लीव्हरलेसचा वेग यांत्रिक कारणाने येतो. डावीकडचा दांडा उजवीकडे न्यायचा तर तो मध्यातून प्रवास करणारच. इथे प्रवासच नाही, दोन्ही बोटं आधीच आपापल्या जागी टेकलेली. हाडोकेनसाठी ‘खाली’ दाबायचं, ते न सोडता ‘समोर’ दाबायचं, मग ‘खाली’ सोडायचं. हार्मोनियमवाला जसा एक सूर न सोडता दुसरा घेतो, तसं. तिरकी दिशा चुकायला जागाच उरत नाही. झँगीफची चक्कर मात्र इथे बोटांची कसरत होते, आणि उडीसाठी अंगठा शिकवायला बराच काळ जातो.

मग पेच येतो. दांडा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे असू शकत नाही. बटणं असू शकतात. दोन्ही दाबली तर यंत्राने काय समजावं? शेवटी दाबलेलं खरं मानलं, तर गाइल मागे धरलेलं बटण न सोडताच पुढचं टिचकवून सॉनिक बूम सोडेल आणि बोट उचललं की पुन्हा मागे, म्हणजे पुन्हा ब्लॉक. दांड्यावर हे कुणाच्या बापाला जमणार नाही. 2019 मध्ये दाइगोने एक खास बटणांची पेटी आणली तेव्हा कॅपकॉमने ती आपल्या अधिकृत स्पर्धांतून बाद केली, ती याच विरुद्ध दिशांच्या भानगडीवरून. ज्याच्या दांड्याची दंतकथा झाली तोच माणूस बटणांकडे गेला, याहून बोलकी साक्ष या वादात दुसरी नाही. पुढे कॅपकॉमने नियम घातला: डावं आणि उजवं एकदम दाबलं तर दोन्ही रद्द. दाइगो नियमात बसणाऱ्या लीव्हरलेसवर खेळत राहिला.

मला हा नियम रास्त वाटतो, आणि पुरेसाही. बंदी घालायची मागणी अधूनमधून होते, तिच्यात दम नाही. दोन्ही दिशा रद्द केल्यावर उरतो तो फायदा बोटांच्या सरावाचा आहे, आणि तो कुणालाही कमावता येतो. शंका घ्यायची तर वेगळ्या ठिकाणी घ्यावी: एकाच दिशेची दोन-दोन बटणं बसवलेल्या, एका टिचकीत चार कामं उरकणाऱ्या पेट्यांवर. तिथे कौशल्य बोटातून सर्किटमध्ये सरकतं. आणि खुद्द खेळ बनवणाऱ्यांनीही या बाबतीत हात धुऊन घेतले आहेत. 2023 च्या ‘स्ट्रीट फायटर 6’ने ‘मॉडर्न’ नावाची सोपी पद्धत दिली. तिच्यात एका बटणाने हाडोकेन निघतो, बदल्यात त्याची ताकद थोडी कमी. ज्या पाव वर्तुळासाठी दांडा लागत होता ते वर्तुळच ऐच्छिक झालं.

मोठ्या कंपन्यांचा स्टिकवरचा जीव केवळ खेळाडूंच्या प्रेमापोटी नाही. कन्सोलला कुठला कंट्रोलर ‘आपला’ वाटावा हे कंपनीचा परवाना ठरवतो. प्लेस्टेशन 4 साठी घेतलेली महाग स्टिक प्लेस्टेशन 5 च्या खेळांत सरसकट चालत नाही. काही निर्मात्यांनी, कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर 6’मध्ये, मुद्दाम मुभा ठेवली म्हणून त्या जगल्या. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2023 पासून एक्सबॉक्सवर बिनपरवाना उपकरणं अडवायला सुरुवात केली तेव्हा याच खेळाडूंचा जीव वरखाली झाला. पीसीवाल्यांना ही डोकेदुखी नाही. चार डॉलरला 2021 मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड, त्यावर जीपी2040-सीई हे फुकट, खुलं सॉफ्टवेअर, आणि लाकडी फळीला पाडलेली भोकं एवढ्यावर उत्तम लीव्हरलेस उभी राहते. तीनशे डॉलरच्या रेझर कित्सुनेपेक्षा तिचं रूप गावठी असेल. हातातला वेग फारसा मागे नसतो.

आपल्याकडे या वादाला थोडी वेगळी पार्श्वभूमी आहे. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या पार्लरांत ‘मुस्तफा’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स 97’ खेळून मोठी झालेली पिढी स्टिकवरच शिकली, पण ती पार्लरं गेली आणि मध्ये सलग परंपरा राहिली नाही. पुढची पिढी कीबोर्डवर आणि मोबाइलच्या काचेवर वाढली. लाहोरमध्ये तसं झालं नाही. तिथला अर्सलान ॲश ‘किंग ऑफ फायटर्स’ खेळत वाढला आणि 2019 मध्ये ‘टेकन 7’साठी जपानची आणि अमेरिकेची अशा दोन्ही इव्हो एकाच वर्षात जिंकला, जपान-कोरियाच्या पलीकडे एवढी तयार मंडळी असतील अशी तोवर कुणाला कल्पना नव्हती. भारताकडून 2023 च्या हांगचौ एशियाडमध्ये ‘स्ट्रीट फायटर 5’साठी मयंक प्रजापती आणि आयान बिस्वास उतरले होते. पदक आलं नाही. सुवर्ण नेलं कोरियाच्या किम ग्वान-वूने, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तेव्हा ‘हा पोरांचा खेळ’ म्हणणाऱ्या काकांनी हेही ध्यानात घ्यावं. आणि 2025 मध्ये इव्होमधला सोनीचा हिस्सा विकत घेतला तो गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंगने, जिच्यात मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजची मोठी गुंतवणूक आहे. स्पर्धेच्या मालकीत भारतीय नाव आलं; दुकानाच्या काउंटरवर चांगली स्टिक हातात घेऊन पाहण्याची सोय अजून बहुतेक शहरांत नाही.

म्हणून घेणाऱ्याला माझं सांगणं असं. कीबोर्डवर खेळत असाल तर दांड्याच्या वाटेला जाऊ नका. तुमची बोटं आधीच लीव्हरलेसची आहेत, फक्त दोन विरुद्ध दिशा रद्द होतात ना ते तपासा. पॅडवर सुखी असाल तर पैसे वाचवा. पार्लरची सवय हातात असेल, किंवा झँगीफसारखी चक्कर मारणारी पात्रं आवडत असतील, तर स्टिक घ्या, आणि बिनधास्त घ्या. बिनतारी हवी असेल तर 8बिटडोची 2020 ची आर्केड स्टिक नव्वद डॉलरला आली होती, पीसी आणि स्विचसाठी; शिकायला ती भरपूर झाली. तीन किलोची धूड पेटी पहिल्याच खेपेला आणू नये, कारण मांडीवर तासभर ठेवल्यावर तिचं वजन कळतं आणि लोकलमधून नेताना जास्तच कळतं.

मात्र घेण्याआधी झाकण कसं उघडतं ते जरूर पाहा. पॅडच्या दिशाबटणाखालचं रबर झिजलं की पॅड अडगळीत जातो. स्टिकचं तसं नाही. सानवाचं बटण बिघडलं तर दोन वायर काढून नवं बसवायचं, काम पाच मिनिटांचं. दांडा ढिला झाला तर खालची क्लिप काढून स्प्रिंग बदलायची. मॅड कॅट्झने 2017 मध्ये दिवाळं काढलं, तरी तिच्या 2009 च्या पेट्या लोक अजून वापरतात: दांडा नवा, बटणं नवी, आत जुन्या बोर्डाच्या जागी पिको. फ्लेक्सस्ट्राइक आणि तिच्यामागून येणाऱ्या बिनतारी पेट्यांच्या पोटात बॅटरी असेल, आणि सगळ्यात आधी थकणारा भाग तोच. त्यामुळे दुकानदाराला चौकटी किती मिळतात हे नंतर विचारलं तरी चालेल. आधी विचारायचं ते बॅटरी बदलता येते का, आणि ती संपली तरी तार जोडून खेळता येतं का.